घोरण्यावरील लेझर उपचार

मऊ टाळू व पडजीभ यांच्या सैल ऊतींवर लेझर किरण सोडून घोरणे कमी करण्याची पद्धत. दिल्ली, गुरुग्राम, नोएडा भागात ती कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे, तसेच काही दंतवैद्यांकडे होते. घोरण्याबरोबर स्लीप ॲप्निया असल्यास मात्र तिच्यावर भिस्त ठेवणे धोक्याचे आहे.

या विकारात झोपेत घसा मिटतो. घोरणे चढत जाते आणि एकदम थांबते. छाती-पोट हलत राहते, पण हवा आत जात नाही. दहा सेकंद, कधी त्याहून बराच वेळ असा गेल्यावर माणूस घुसमटून मोठा श्वास घेतो. सकाळी त्याला यातले काही आठवत नाही. शेजारी झोपणाऱ्याची साक्ष म्हणूनच मोलाची. दक्षिण दिल्लीतील ३० ते ६० वयोगटाच्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ९.३ टक्के लोकांना हा विकार आढळला. रक्तदाब व हृदयविकाराशी त्याचा संबंध आहे.

पॅरिसचे डॉ. इव्ह-व्हिक्टर कामामी यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस कार्बन डायऑक्साइड लेझरने पडजीभ व टाळूची कड छाटण्याची शस्त्रक्रिया रूढ केली. ती जागा बधिर करून होते, रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. गिळताना मात्र बरेच दिवस दुखते. पुढे व्रण आकसून घसा अरुंदही होऊ शकतो. २०१७च्या एका एकत्रित विश्लेषणात, ज्यांची वैयक्तिक आकडेवारी मिळाली अशा रुग्णांपैकी ४४ टक्के जणांचा ॲप्निया शस्त्रक्रियेनंतर उलट वाढलेला दिसला. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१० मध्येच ॲप्नियासाठी ती सरसकट करू नये असे सांगितले होते.

अलीकडचा अर्बियम-याग लेझर काही कापत नाही. उष्णतेने टाळूतील कोलॅजन आकसवतो. त्रास कमी, आवाजही बऱ्याच जणांचा उतरतो, पण सिटिंग अनेक लागतात आणि गुण हळूहळू ओसरतो. ॲप्नियावरील त्याच्या उपयोगाचा पुरावा तोकडा आहे.

म्हणून आधी झोपेची चाचणी. तासाला पाचपेक्षा कमी अडथळे असतील तर निव्वळ घोरणे समजतात. तीस किंवा अधिक म्हणजे तीव्र ॲप्निया. मध्यम व तीव्र ॲप्नियात मुख्य उपचार झोपेत मुखवट्यातून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राचा, जोडीला वजन उतरवणे. लेझर करून घेतलेल्यानेही ही चाचणी पुन्हा करावी, कारण आवाज बंद झाल्यावरही श्वास अडतच राहू शकतो आणि तेव्हा शेजारच्याला कळत नाही.