तळटीप : इंदापूरचा तिसरा गडी

* ‘मते खाणारा तिसरा’ : लेखकाचा रोख इंदापूरच्या २०२४ च्या विधानसभा निवडणुकीकडे आहे. दत्तात्रय भरणे १९ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले, हर्षवर्धन पाटील पडले आणि अपक्ष प्रवीण माने सुमारे ३८ हजार मते घेऊन तिसरे राहिले. त्यावरून ‘मानेंनी पाटलांना पाडले’ असे म्हणणे सोपे, पण हा हिशेब कच्चा आहे. माने रिंगणात नसते आणि त्यांचे सगळे मतदार तरीही केंद्रावर आले असते, तर त्यांच्यातल्या दर चौघांमागे तिघांहून जास्त पाटलांकडे वळायला हवे होते. इतकी एकगठ्ठा मते कोण कुणाला देतो? अमेरिकेत २००० साली फ्लॉरिडातली गोष्ट वेगळी. तिथे बुश आणि गोर यांच्यात फरक अवघा ५३७ मतांचा, तर राल्फ नेडर यांची मते ९७ हजारांवर. त्यांतली चिमूटभर गोरकडे सरकती, तर अध्यक्षच बदलला असता. आणि अपक्षाने फक्त मतेच खावीत असेही नाही. खुद्द पाटील १९९५, १९९९ आणि २००४ साली इंदापुरातून अपक्ष म्हणूनच निवडून आले होते.