ताटाशेजारी कोणी बसावे?

'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी १८७४ साली छापलेल्या निबंधात योजले. मराठीत आपण त्याला 'क्षुधानाश' म्हणतो. पण या मुलींची भूक मेलेली नसते, दाबलेली असते. गैरसमज नावापासूनच सुरू होतो. (आपल्याकडे तर अशा मुलीच्या उपवासांचे कौतुकही होऊ शकते.)

गल यांचे एक मत मात्र आम्हांला अधिक बोचते: अशा रुग्णांच्या शुश्रूषेस नातलग व स्नेही बहुधा सर्वांत अयोग्य. पुढे दीर्घकाळ घराकडे, त्यातही आईकडे, संशयानेच पाहिले गेले.

१९७६ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यात व्हिव्हियन मीहान या परिचारिकेने 'अ‍ॅनॅड' ही संस्था काढली. त्यांची स्वतःची मुलगी आजारी होती. समदुःखी माणसे एकत्र बसून बोलू लागली. १९८३ साली गायिका कॅरन कार्पेंटर बत्तिसाव्या वर्षी गेली आणि आजाराचे नाव घरोघर पोचले.

पुरावा आला तो १९८७ साली, गल यांच्याच लंडनमधून. मॉड्स्ली रुग्णालयाच्या अभ्यासात, लहान वयात आजार जडलेल्या आणि तो तीन वर्षांहून जुना नसलेल्या रुग्णांना एकट्याने घेतलेल्या उपचारांपेक्षा कुटुंबासह केलेल्या उपचारांचा गुण अधिक आला. त्या उपचारपद्धतीत आईवडील मुलीच्या ताटाशेजारी बसतात.