जीवरक्षक व जलतरण-शिक्षक : प्रशिक्षण, प्रमाणपत्र आणि आचारनियम

पोहण्याचे तलाव, चौपाट्या आणि नदी-सरोवरांवरील स्नानाच्या जागा येथे लोकांच्या जिवाची राखण करणारा तो जीवरक्षक (लाइफगार्ड). पोहायला शिकवणारा तो जलतरण-शिक्षक. दोघांचे काम पाण्यातच, पण कसब वेगळे, म्हणून अनेक देशांत दोघांची प्रमाणपत्रेही वेगळी असतात. नुसता पट्टीचा पोहणारा जीवरक्षक ठरत नाही. बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या गळ्याला मिठी मारतो. ती चुकवण्याचे आणि सोडवण्याचे तंत्र अंगवळणी पडलेले नसेल, तर दोघेही जातात. प्रशिक्षण, परीक्षा, ठरावीक मुदतीचे प्रमाणपत्र आणि कामावरील आचारनियम ही या व्यवस्थेची चार अंगे आहेत. त्यांपैकी प्रमाणपत्राच्या मुदतीकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. प्रत्यक्षात तीच सर्वांत मोलाची आहे.

इतिहास : बुडालेल्यांना वाचवण्यासाठी संघटित संस्था ॲम्स्टरडॅम येथे १७६७ मध्ये निघाली. पोहून जीव वाचवण्याचे रीतसर शिक्षण देणारी संस्था लंडनमध्ये १८९१ साली विल्यम हेन्री यांच्या पुढाकाराने उभी राहिली. १९०४ मध्ये तिला राजाश्रय मिळाला आणि ती ‘रॉयल लाइफ सेव्हिंग सोसायटी’ झाली. ब्रिटिश साम्राज्यात तिच्या परीक्षा आणि ब्राँझ पदक पसरले. जर्मनीत ऱ्यूगेन बेटावरील बिंत्स येथे २८ जुलै १९१२ रोजी धक्क्याचा भाग कोसळून अनेक जण बुडाले. त्या दुर्घटनेतून १९ ऑक्टोबर १९१३ रोजी लाइपझिग येथे जर्मन जीवरक्षक संघटना (डीएलआरजी) स्थापन झाली. ऑस्ट्रेलियातील पहिला किनारा-जीवरक्षक क्लब सिडनीच्या बाँडायचा की ब्राँटीचा, याबद्दल मतभेद आहेत. जागतिक पातळीवरील ‘इंटरनॅशनल लाइफ सेव्हिंग फेडरेशन’ ही संघटना १९९३ मध्ये दोन जुन्या संघटनांच्या एकत्रीकरणातून झाली.

प्रमाणपत्राला मुदत का लागते, हे कृत्रिम श्वसनाच्या इतिहासावरून कळते. सिल्व्हेस्टर पद्धतीत (१८५८) बेशुद्ध माणसाला उताणे निजवून त्याचे हात वर-खाली करत. शेफर पद्धतीत (१९०३) पालथे निजवून खालच्या बरगड्यांवर दाब देत. होल्गर नील्सन पद्धतीत (१९३२) पाठ दाबून मग कोपर उचलत. १९५० च्या दशकाच्या अखेरीस एलम आणि सफार यांच्या प्रयोगांनी तोंडाने श्वास देणे या सर्वांपेक्षा सरस ठरवले. १९६० मध्ये कूवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीवरील दाबाचे तंत्र प्रसिद्ध केले. म्हणजे १९५० साली उत्तम गुणांनी उत्तीर्ण झालेला जीवरक्षक नवे शिकला नसता, तर १९६५ साली कालबाह्य पद्धतच वापरत राहिला असता. शिवाय पद्धत बदलली नाही तरी सरावाअभावी हात विसरतात.

बुडणारा ओळखणे : प्रशिक्षणाचा हा गाभा आहे. न्यूयॉर्कमधील ऑर्चर्ड बीचवर जीवरक्षक असलेले फ्रँक पिया यांनी बुडण्याच्या प्रत्यक्ष प्रसंगांचे चित्रीकरण करून १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास मांडला. बुडणारा माणूस सहसा ओरडत नाही, कारण आवाजाआधी श्वास लागतो आणि त्याला श्वासच मिळत नसतो. हात हलवून तो कोणाला बोलावतही नाही. दोन्ही हात बाजूंना पसरून तो पाण्यावर दाब देत राहतो. शरीर उभे असते, पाय जवळजवळ थांबलेले असतात, तोंड पाण्याखाली जाते, वर येते, पुन्हा जाते. ही धडपड साधारण २० ते ६० सेकंद टिकते आणि लहान मुलांत त्याहूनही कमी. शेजारी पोहणाऱ्यांना वाटते, पोरगे खेळते आहे. हातपाय मारत आरडाओरडा करणारा अजून स्वतःला सावरू शकतो. गप्प झालेल्याकडे आधी धावायचे असते.

बचाव का फसतो, याचीही तीन कारणे पिया यांनी दाखवली : बुडणारा ओळखता न येणे, नजर ठेवण्याच्या कामात दुसरी कामे घुसणे आणि लक्ष विचलित होणे. यांतले दुसरे कारण जीवरक्षकाचे नसून व्यवस्थापनाचे आहे. पहाऱ्यावरच्या माणसाला तिकिटे फाडायला, फरशी धुवायला किंवा पोहणे शिकवायला लावले, की तेवढा वेळ तलावावर कोणीच नसते. अमेरिकेतील ‘एलिस अँड असोसिएट्स’ या संस्थेने रूढ केलेला ‘१०/२०’ नियम याच विचाराचा आहे : आपल्या हद्दीवरून १० सेकंदांत नजर फिरवून संकट हेरायचे आणि पुढच्या २० सेकंदांत त्या माणसापर्यंत पोहोचायचे.

पात्रता व परीक्षा : ब्रिटनमधील ‘नॅशनल पूल लाइफगार्ड क्वालिफिकेशन’चा नमुना येथे विस्ताराने दिला आहे. किमान वय १६ वर्षे. अभ्यासक्रम सुरू होण्यापूर्वी उमेदवाराला खोल पाण्यात उडी किंवा सूर मारता आला पाहिजे. ५० मीटर अंतर ६० सेकंदांत काटावे लागते, तसेच न थांबता पोटावर १०० मीटर व पाठीवर १०० मीटर पोहावे लागते. ३० सेकंद उभ्याने तरंगणे, तलावाच्या तळापर्यंत बुडी मारणे आणि शिडीचा किंवा पायऱ्यांचा आधार न घेता काठावर चढणे, एवढे जमले तरच पुढचे शिक्षण. त्यात बचावाची तंत्रे, मणक्याला इजा झालेल्यास फळीवर घेणे, प्रथमोपचार, तलावाची आणीबाणी-योजना यांचा समावेश असतो. प्रमाणपत्र २ वर्षे टिकते. त्या काळात किमान २० तासांचा नोंदवलेला सराव करावा लागतो आणि शेवटी फेरपरीक्षा द्यावी लागते.

अमेरिकन रेड क्रॉसच्या परीक्षेत २० यार्ड पोहत जाऊन ७ ते १० फूट खोल बुडी मारायची, तळाची १० पौंडी वीट दोन्ही हातांनी छातीशी धरून पाठीवर पोहत परतायचे आणि शिडीविना बाहेर यायचे, हे सारे १ मिनिट ४० सेकंदांत करावे लागते. हात गुंतलेले असताना केवळ पायांच्या जोरावर परतता येते का, हे यात पाहिले जाते. बेशुद्ध माणसाला आणताना नेमके तेच करावे लागते. ऑस्ट्रेलियातील समुद्रकिनाऱ्यांसाठीच्या ब्राँझ पदकाला किमान वय १५, ४०० मीटर पोहणे ९ मिनिटांच्या आत, आणि २०० मीटर धावणे, २०० मीटर पोहणे, पुन्हा २०० मीटर धावणे ८ मिनिटांत. ही क्षमता दर हंगामात पुन्हा सिद्ध करावी लागते.

पुनरुज्जीवन : बुडालेल्याचे हृदय बंद पडते ते मुख्यतः प्राणवायूअभावी. म्हणून युरोपीय मार्गदर्शक सूत्रांनुसार आधी ५ श्वास द्यायचे, मग छातीवर ३० दाब आणि २ श्वास हे चक्र चालवायचे. पोट दाबून पाणी काढणे, उलटे टांगणे, गरागरा फिरवणे या आपल्याकडे अजूनही दिसणाऱ्या रीती घातक आहेत. त्यांत श्वास देण्याचा वेळ जातो आणि पोटातील अन्न फुप्फुसात उतरण्याचा धोका वाढतो. इंडियन रिससिटेशन कौन्सिल सामान्य नागरिकांना केवळ छातीवर दाब देण्याची सोपी पद्धत शिकवते. अचानक हृदय बंद पडलेल्या माणसासाठी ती योग्य आहे. जीवरक्षकाला मात्र श्वास देता आलाच पाहिजे.

आचारनियम : पहाऱ्यावर असताना मोबाइल नाही, पाण्याकडे पाठ नाही, गप्पा नाहीत, स्वतःचा व्यायाम नाही. थकलेली नजर फसते म्हणून ठरावीक वेळाने, बहुधा २०-३० मिनिटांनी, जागा बदलायची. दुसरा माणूस जागेवर येऊन त्याने पाण्यावर नजर रोखल्याशिवाय पहिल्याने उतरायचे नाही. ब्रिटनमधील तलावांवर शिट्टीचे संकेत ठरलेले आहेत : एक छोटी शिट्टी पोहणाऱ्यांचे लक्ष वेधण्यासाठी, दोन दुसऱ्या जीवरक्षकासाठी, तीन म्हणजे जीवरक्षक बचावाला निघाला, आणि एक लांब शिट्टी म्हणजे तलाव रिकामा करा. शक्यतो काठावरूनच काठी, दोर किंवा रेस्क्यू ट्यूब द्यावी. उडी मारणे शेवटचा पर्याय. घडलेल्या प्रत्येक प्रसंगाची त्याच दिवशी नोंद करणे बंधनकारक असते.

जलतरण-शिक्षक : इंग्लंडमध्ये पहिल्या पातळीचा शिक्षक मदतनीस असतो, दुसऱ्या पातळीचा स्वतंत्र वर्ग घेतो. नवशिक्यांसाठी एका शिक्षकामागे १२, तर पोहता येणाऱ्यांसाठी २० ही कमाल संख्या सुचवलेली आहे. शिक्षक-प्रशिक्षकांसाठी बचावाचे वेगळे प्रमाणपत्र असून त्याचीही मुदत २ वर्षे आहे. मुलाला हात लावण्यापूर्वी सांगणे, कारणापुरताच स्पर्श करणे, कपडे बदलण्याच्या खोलीत एकट्याने न जाणे आणि छायाचित्रे न काढणे हे नियम सार्वत्रिक आहेत. इंग्लंड व वेल्समध्ये २०२२ च्या कायद्याने क्रीडा-प्रशिक्षक ‘विश्वासाच्या स्थानावरील व्यक्ती’ ठरले. भारतात २०१२ चा पॉक्सो कायदा अशा स्थानाचा गैरवापर गंभीर गुन्हा मानतो.

भारत : प्रमाणपत्रे वेगवेगळ्या संस्था देतात. पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्था (स्थापना १९६१) क्रीडा-प्रशिक्षकांसाठी पदविका आणि ६ आठवड्यांचा अभ्यासक्रम चालवते. गोव्यातील राष्ट्रीय जलक्रीडा संस्था जलक्रीडा-चालकांना जीवरक्षणाचे शिक्षण देते. पुण्याची राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी ब्रिटिश परंपरेतील अभ्यासक्रम घेते. प्रशिक्षकाची पदविका म्हणजे जीवरक्षकाचे प्रमाणपत्र नव्हे. तलावावर नेमणूक करताना ही दोन्ही कागदपत्रे आणि जीवरक्षणाच्या प्रमाणपत्राची तारीख वेगवेगळी तपासावी. महाराष्ट्रात पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकवण्याची परंपरा मोठी. तिने उत्तम पोहणारे घडवले, पण बचाव तिथे ज्याच्या त्याच्या धाडसावर राहिला.

गोव्याच्या सुमारे १०५ किलोमीटर किनाऱ्यावर २००८ पासून ‘दृष्टी’ या खासगी कंपनीमार्फत जीवरक्षक नेमले जातात. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई या चौपाट्यांवरील जीवरक्षकांची व्यवस्था महापालिकेच्या अग्निशमन दलाकडे आहे. लाल-पिवळा झेंडा म्हणजे पहाऱ्यातली जागा, लाल म्हणजे पाण्यात उतरू नये, दोन लाल म्हणजे किनारा बंद. आत ओढणाऱ्या प्रवाहात सापडल्यास त्याच्या विरुद्ध न झगडता किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडावे, हे पर्यटकांना समजावून सांगणे जीवरक्षकाच्याच कामात मोडते. पावसाळ्यात या किनाऱ्यांवर पोहण्यास मनाई असते. तरीही लोक उतरतात, म्हणून त्या महिन्यांतही पहारा लागतो.