क्रॉस, कार्डानो आणि हूकसाहेब

गेल्या वीकांताला मामाच्या ट्रकचे क्रॉस बदलायचे होते. गिअर टाकला की खालून 'खटाक्', रिकाम्या गाडीत तर फारच. रात्री कांदा भरून कसारा उतरायचा होता. पुढचा जॉइंट चालत्या गाडीत तुटला तर शाफ्टचं टोक रस्त्यात रुततं, हे मामाने मला अगदी थंडपणे सांगितलं.

मेकॅनिकने शाफ्ट सोडण्याआधी सरकत्या जोडावर खडूने दोन रेघा ओढल्या. मी मदत म्हणून रॉकेलच्या फडक्याने सगळं लख्ख पुसलं. रेघांसकट!

"दादा, तुम्ही कॉम्प्युटरच बघा."

बोलणी खाल्ली आणि घरी येऊन या दोन रेघांचा इतिहास शोधत बसलो.

युरोपात या सांध्याला कार्डानोचं नाव आहे. हा इटालियन गणिती आणि वैद्य. १५५० च्या पुस्तकात त्याने एकात एक फिरणाऱ्या कड्यांचं वर्णन केलं, पण शोध आपला आहे असं काही तो म्हणाला नव्हता. फुकटचं श्रेय! १६६४ मध्ये गास्पार शॉट या जेझुइटाने हा सांधा वर्णिला आणि दोन्ही दांडे सारख्याच वेगाने फिरतात असं ठोकून दिलं. इथेच गफलत.

ती पकडली रॉबर्ट हूकने. (तोच, स्प्रिंगच्या नियमवाला.) दांडे कोनात असतील तर एक समान वेगाने फिरला तरी दुसरा प्रत्येक फेरीत दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे रेंगाळतो. कोन ३० अंश आणि पहिला मिनिटाला १००० फेरे घेत असेल, तर दुसऱ्याचा वेग ८६६ ते ११५५ मध्ये झुलत राहतो. हूकला हा दोष चक्क आवडला, कारण सूर्यतबकडीवरची सावलीही अशीच कमीजास्त वेगाने सरकते! 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नाव त्याने १६७६ च्या पुस्तिकेत वापरलं.

ट्रकला मात्र हा झोल परवडत नाही. म्हणून दोन टोकांना दोन सांधे. मधल्या शाफ्टचे दोन्ही योक एका रेषेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले की एकाची चूक दुसरा फेडतो. योक काटकोनात बसले तर चुका फिटायच्याऐवजी वाढतात. गाडी थरथरते, नवे क्रॉस आणि सेंटर बेअरिंग लवकर जातं. त्या रेघा यासाठी होत्या.

मोटारींत तेव्हा चेनचा खडखडाट होता. कॉर्नेलला शिकणाऱ्या क्लॅरेन्स स्पायसरने बंदिस्त जॉइंटचं पेटंट १९०३ मध्ये मिळवलं आणि पुढच्याच वर्षी उत्पादन सुरू केलं. आपल्याकडे खोक्यांवर दिसणारं नाव याचंच.

आमच्या मेकॅनिकने हूकचं नावही ऐकलं नसेल. त्याने शाफ्ट जमिनीवर आडवा ठेवला, एक डोळा मिटून दोन्ही योक एका रेषेत आणले, कप ठोकले, लॉक बसवले, ग्रीस मारलं. साडेनऊला गाडी सुटली.

पहाटे मामाचा फोन: "उतरलो रे. आवाज नाही." फडकं मात्र अजून माझ्याच बॅगेत आहे.