परस्परसंमतीने घटस्फोट (वकिलाविना)
पती-पत्नी दोघांनी मिळून केलेल्या अर्जावरून मिळणारा घटस्फोट. हिंदू विवाह कायद्यात 1976 साली कलम 13-ब घालून ही सोय झाली. त्याआधी एकाने दुसऱ्यावर दोषारोप केल्याखेरीज सहसा सुटका नसे.

कुटुंब न्यायालय कायदा, 1984 च्या कलम 13 नुसार या न्यायालयांत वकील लावणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी परवानगी लागते. म्हणजे स्वतः उभे राहणे हाच मूळ नियम, जरी आवारातल्या काळ्या कोटांच्या गर्दीवरून तसे वाटत नाही!

अर्जापूर्वी वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागते. एकाच छपराखाली राहूनही नवरा-बायकोचे नाते संपलेले असेल, तर ते वेगळे राहणेच, असे सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये म्हटले. अर्जासोबत लग्नाचा पुरावा आणि संमतीच्या अटी जोडतात. खरी मेहनत या अटींत असते: पोटगी, स्त्रीधन, मुलांचा ताबा, सुट्टीतल्या भेटी. इथे मोघम लिहिले की पुढे भांडण ठरलेले.

मग सहा महिन्यांची मुदत. 2017 च्या अमरदीप सिंग खटल्यापासून योग्य प्रकरणी ती माफ होऊ शकते. हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो.