बचत गट (उल्हासनगर–अंबरनाथ–बदलापूर परिसर)

एकाच वस्तीतील वा पाड्यावरील 10 ते 20 स्त्रियांनी दरमहा ठरावीक रक्कम साठवून त्याच निधीतून एकमेकींना कर्ज देण्यासाठी केलेला गट. वीसपेक्षा मोठ्या गटाला कंपनी कायद्याखाली नोंदणी लागे, म्हणून वरची मर्यादा तेवढी राहिली. कातकरी वाड्यांवर पाच जणींचा गटही चालतो. भिशीची रक्कम दर खेपेस एकीला मिळून फेरी संपते. गटाचा निधी मात्र वाढत जातो.

अमरावतीकडे 1947 मध्ये चार आणे बचतीवर राज्यातील पहिला गट निघाला, असे सांगतात. बँकजोडणीचा प्रयोग नाबार्डने 1992 मध्ये 500 गटांवर केला. महिला आर्थिक विकास महामंडळाकडे (माविम, स्थापना 1975) राज्यातील गटांच्या समन्वयाचे काम 2003 मध्ये आले.

अंबरनाथ व बदलापूर 1983 ते 1992 कल्याण महानगरपालिकेत होती. उल्हासनगरसह तीनही शहरांतील गट 1997च्या स्वर्णजयंती शहरी रोजगार योजनेच्या व पुढे 2013च्या नागरी उपजीविका अभियानाच्या कक्षेत आले. परिसरातील गावे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडे, म्हणजे ‘उमेद’कडे (2011) आहेत. नगरपरिषदेच्या हद्दीतला पाडा त्यामुळे कागदोपत्री शहरी ठरतो आणि ओढ्यापलीकडच्या पाड्याला ग्रामसंघ (गावातील गटांचा संघ) मिळतो.

गटाची खरी ओळख दप्तरात असते : इतिवृत्त, रोजकीर्द, खतावणी, सदस्यांची पासबुके. बारा जणींनी दरमहा शंभर रुपये भरले की वर्षाला 14,400 जमतात. 5,000च्या कर्जावर दरमहा शेकडा दोन दराने पहिल्या महिन्याचे व्याज 100 रुपये. वार्षिक हिशेबात 24 टक्के, म्हणजे बँकेहून महाग. पण ते व्याज गटाच्याच पेटीत पडते. लिहिणारी बहुधा एखादीची शिकलेली मुलगी असते, आणि तिचे लग्न झाले की वही महिनोन्‌महिने कोरी राहते. बँक कर्जाआधी हीच वही मागते.

मायक्रोफायनान्स कंपन्यांच्या कर्जालाही बोलीत ‘गटाचे कर्ज’ म्हणतात. तेथे बचत नसते. जामीन एकमेकींचा आणि हप्ता ठरलेल्या दिवशी. या कंपन्यांचा स्वतंत्र वर्ग रिझर्व्ह बँकेने 2011 मध्ये केला. 2022च्या नियमांनुसार असे कर्ज वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबाला तारणाविना मिळते आणि सर्व हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नसावेत. एका कर्जातून दुसऱ्याचा हप्ता भरण्याचे प्रमाण किती, यावर मतभेद आहेत.

उद्योग : पापड, मसाले, शिवणकाम. उल्हासनगरच्या तयार कपड्यांचे धागे कापण्याचे घरबसले काम नगावर मिळते. ते गटाच्या वहीत सहसा येत नाही.