आमच्या निंबोल्याचं सोनं

मंडळी, असीरगडची बातमी तुम्हीही पाहिली असेल. मार्च 2025 मध्ये, 'छावा' गाजत असताना, आमच्या निंबोल्याकडचे लोक रात्री टॉर्च घेऊन शेतं खणत होते. का, तर मोगलांची नाणी सापडतात!

अफवेला इतिहासाचा आधार होता. 1601 मध्ये असीरगड अकबराने घेतला, बुऱ्हाणपुरात मोगलांची टांकसाळ होती, आणि 1681 मध्ये मराठ्यांनी लगतचा बहादूरपुरा लुटला.

पण सोनं शोधावं झारेकऱ्याने. सराफकट्ट्यावरची माती तो पाण्यात धुतो. सोनं पाण्याच्या 19 पट जड, म्हणून माती वाहून जाते, कण तळाशी राहतात. नदीतही तेच: धार मंदावते तिथे, वळणाच्या आतल्या अंगाला, खडकाच्या फटीत बघायचं.

नाणं मात्र पाण्याने नाही, माणसाने ठेवलेलं असतं. कुठल्या थरात, कशाशेजारी सापडलं, यातच त्याची गोष्ट असते. फावडं मारलं की नाणं हाती येतं, गोष्ट जाते. 1878 च्या कायद्याने 10 रुपयांवरचं गुप्तधन जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. आणि पेरणीआधी खड्डे बुजवायचे कोणी? ज्याचं शेत, त्यानेच ना!